शॉकअप गेला म्हणजे नेमके काय गेले?

माझा मावसभाऊ भोर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घरापासून शाळा बावीस किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा मुरमाच्या रस्त्याचे. गेली नऊ वर्षे तो एकच शंभर सीसीची मोटारसायकल वापरतो. दिवाळीच्या आधी त्याच्याकडे गेलो असताना मी त्या गाडीवरून गावात एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणालो, "दादा, तुझी गाडी काय मऊ चालते रे! माझी नवी असून दणके देते."

पंधरवड्याने वहिनींचा फोन आला. शाळेच्या अलीकडच्या वळणापाशी, जिथे मुरमावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडल्या आहेत, तिथे दादाने ब्रेक दाबला आणि मागचे चाक बाजूला सरकले. गाडी आडवी झाली. उजवे मनगट मोडले, सहा आठवडे प्लॅस्टर. वेग फार नव्हता, ब्रेक ठीक होते, टायरची नक्षीही शाबूत होती. गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर फिटरने मागची बाजू एकदा दाबून सोडली आणि एका वाक्यात निकाल दिला, "सर, दोन्ही शॉकअप गेलेत."

मी पदार्थविज्ञानात संशोधन करणारा माणूस. दोलने आणि त्यांचे अवमंदन हा विषय मी विद्यार्थ्यांना शिकवलेला आहे. तरीही जी गोष्ट मला गाडीचा गुण वाटली ती बिघाडाची खूण आहे, हे माझ्या लक्षात आले नाही. दादाने पुढे विचारले, "फिटर म्हणतो तेल बदलून देतो, नव्याच्या चौथाई पैशांत. करून घेऊ की नवी जोडी टाकू?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर शॉकअप गेला म्हणजे त्यातले नेमके काय गेले, हे आधी पाहायला हवे.

गॅरेजच्या मराठीत ज्याला शॉकअप म्हणतात तो म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला धरणारा जो चिमटा असतो, त्याच्या आणि सांगाड्याच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक शॉकअप असतो. बाहेरून दिसते ती जाड तारेची स्प्रिंग. त्यामुळे धक्का शोषते ती स्प्रिंग, आणि शॉकअप गेला म्हणजे स्प्रिंग थकली, असा बहुतेकांचा समज असतो. विद्यार्थ्यांना विचारून पाहा, दहापैकी नऊ हेच सांगतील.

स्प्रिंग मात्र काहीही शोषत नाही. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम आपण शिकवतो: स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात तिचे बल वाढते. ती दाबताना केलेले कार्य तिच्यात स्थितिज ऊर्जा म्हणून साठते आणि सोडताच जवळजवळ सगळे परत मिळते. प्रामाणिक सावकारासारखा तिचा व्यवहार असतो. खड्ड्यात चाक आपटले, स्प्रिंगने ऊर्जा घेतली, पुढच्या क्षणी तीच ऊर्जा गाडीला परत देऊन तिला वर फेकले. नुसत्या स्प्रिंगवर बसवलेली गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ वरखाली नाचत राहील. धक्क्याची ऊर्जा खरोखर संपवायची, म्हणजे उष्णतेत बदलायची, तर दुसरे काहीतरी हवे. ते असते स्प्रिंगच्या आत दडलेल्या नळीत.

या नळीत तेल असते आणि तेलात बुडालेला एक दट्ट्या. दट्ट्याला बारीक छिद्रे असतात व त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. चाक वर आले की दांडा आत जातो आणि तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते.

वर्गात हे दाखवायला दहा मिलीलीटरची एक सिरिंज पुरते. सुई लावायची नाही. सिरिंजमध्ये पाणी भरा आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबायला सांगा. काही जोर लागत नाही. आता तेवढेच पाणी एका झटक्यात बाहेर काढायला सांगा. अंगठा दुखतो. मग पाण्याऐवजी गोडेतेल भरून तेच करा. तिसऱ्या खेपेस तेलात मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा ठेवा, तोंड बोटाने बंद करा आणि दाबा. दट्ट्या आधी सहज आत जातो, कारण हवा दबते. शॉकअपचे बहुतेक सगळे शास्त्र या तीन प्रयोगांत आहे. तेलाचा विरोध किती दाबले यावर अवलंबून नसतो, किती वेगाने दाबले यावर असतो. स्प्रिंगचे नेमके उलटे. तेलात हवा शिरली की काही अंतरापर्यंत विरोधच नाहीसा होतो.

येथे एका गोंधळाची आठवण करून देतो. तेल पाण्यापेक्षा 'दाट' आहे असे आपण बोलताना म्हणतो आणि मुले ते घनता या अर्थी घेतात. गोडेतेल पाण्यावर तरंगते, म्हणजे त्याची घनता पाण्याहून कमी. जास्त असते ती श्यानता, वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. तीच सिरिंज तेलासकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा दाबायला दिली, तर श्यानता तापमानावर किती अवलंबून आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही उष्णता किती? ढोबळ गणित करू. एकट्या चालकासह मागच्या शॉकअपांवर येणारे वजन ९० किलोग्रॅम धरू. ते ५ सेंटिमीटर खाली आले तर सुटणारी ऊर्जा ९० × १० × ०.०५, म्हणजे ४५ जूल. दोन शॉकअपांत विभागली तर प्रत्येकी साडेबावीस. एका शॉकअपमधले तेल एका कटिंग चहाइतके, ७० ग्रॅम समजा. तेलाची विशिष्ट उष्मा पाण्याच्या साधारण निम्मी असते, ग्रॅमला सुमारे २ जूल. म्हणजे एका खड्ड्याने तेल एक षष्ठांश अंशाने तापले. क्षुल्लक वाटते, पण खराब रस्त्यावर असे शंभर खड्डे लागोपाठ आले आणि उष्णता बाहेर जायला सवड मिळाली नाही, तर सोळा अंश झाले. प्रत्यक्षात नळीवरून वारा जात असतो, त्यामुळे एवढे होत नाही. पण खडबडीत रस्त्यावर पाऊण तास चालवून आल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावला तर ती कोमट लागायला हवी. (सायलेन्सरला हात लागणार नाही याची काळजी घ्यावी. आणि सायलेन्सरकडच्या बाजूला त्याचीही ऊब लागते, तेवढी मनात वजा करावी.) एक बाजू कोमट आणि दुसरी थंडगार असेल तर थंड बाजू आयते बसून खाते आहे.

आता माझ्या चुकीकडे येतो. गाडी मऊ का वाटली?

मोटारसायकलवर दोन वेगवेगळी दोलने चालू असतात. एक, स्प्रिंगवर बसलेल्या गाडीचे आणि माणसाचे. स्वतःच्या वजनाने स्प्रिंग मूळ लांबीपासून ४ सेंटिमीटर दबत असेल तर या दोलनाची वारंवारता निघते सेकंदाला सुमारे अडीच. दुसरे दोलन खुद्द चाकाचे. चाक हलके असते. खाली टायरची हवा ही एक ताठ स्प्रिंग, वर शॉकअपची स्प्रिंग, आणि मध्ये चाक अडकलेले. याची वारंवारता कितीतरी जास्त, सेकंदाला दहा ते पंधराच्या घरात. पहिले दोलन आपल्याला पोटात जाणवते. दुसरे जवळजवळ जाणवतच नाही, कारण ते चाकापुरते असते.

तेलाचा विरोध वेगावर अवलंबून असल्यामुळे बारीक पण झटपट येणारे धक्के तो काही प्रमाणात वर सांगाड्यापर्यंत पोचवतो. नव्या गाडीचे 'दणके' ते हेच. तेल गेले की ही वाट बंद होते. बारीक खडीवर गाडी गादीसारखी चालते, चालकाला बरे वाटते आणि खाली चाक मोकाट नाचत असते.

दादाच्या रस्त्यावरच्या वळ्या मी नंतर जाऊन मोजल्या. एका उंचवट्यापासून दुसरा साधारण ७० सेंटिमीटरवर होता. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर धरला तर चाकाला सेकंदाला चौदा धक्के बसतात. चाकाच्या स्वतःच्या वारंवारतेच्या अगदी जवळ. झोक्याला त्याच्या तालावर टोले देत गेले की तो चढत जातो, तसाच हा अनुनाद. तेलाने आवरले नाही तर चाक प्रत्येक वळीच्या माथ्यावरून उडते आणि पुढचीच्या माथ्यावर आपटते. टायर आणि रस्ता यांमधले घर्षण हे टायर रस्त्यावर किती जोराने दाबला आहे त्याच्या प्रमाणात असते. चाक हवेत असताना ते शून्य. त्या क्षणी ब्रेक दाबलेला असला तर चाक जागीच थांबते आणि फिरणे बंद झालेले चाक जमिनीला टेकते ते घसरतच. शॉकअपचे पहिले काम चालकाला आराम देणे हे नव्हे, टायर रस्त्याला चिकटवून ठेवणे हे आहे. आराम हा त्याचा दुय्यम फायदा.

हे काम पूर्वी तेलाशिवायही करून पाहिले गेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारींत एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या वापरत. पण घासण्याचा विरोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. त्यामुळे लहान धक्क्याला त्या चकत्या हलतच नसत आणि मोठ्याला अपुऱ्या पडत. तेलाची युक्ती त्याहून सरस ठरली. मोटारसायकलींच्या बाबतीत सांगायचे तर १९४९ साली बाजारात आलेल्या रॉयल एन्फील्ड बुलेटला मागे चिमटा आणि तेलाचे शॉकअप होते. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. पुढे बुर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने १९५० च्या दशकात तेलावर दाबाखालचा वायू ठेवण्याची रीत आणली, म्हणजे तेलाला फेस येत नाही. आज महागड्या गाड्यांच्या शॉकअपला जोडलेली छोटी कुपी दिसते ती या वायूसाठी. आपल्याकडे चाकणला आणि वाळूजला शॉकअप बनवणारे मोठे कारखाने आहेत. त्या भागातल्या शिक्षकांनी परवानगी काढून मुलांची सहल नेण्यासारखी ही जागा आहे.

तर मग शॉकअप जातो म्हणजे काय होते? बहुधा सुरुवात दांड्यापासून होते. दांड्यावर कठीण क्रोमचा गुळगुळीत मुलामा असतो. मागच्या चाकाने उडवलेली खडी त्यावर बसते, चिखल वाळून चिकटतो, पावसाळ्यात एखाद्या ठिकाणी गंजाचा ठिपका उठतो. हा ठिपका म्हणजे कानसच. दांडा वरखाली होताना तो रबरी ऑइल सीलचा ओठ दर खेपेस थोडा थोडा खरवडतो. सील फाटते, तेल पाझरते, त्यावर धूळ बसते, धूळ आत जाते. तेल कमी झाले की त्याची जागा हवा घेते आणि आपला तिसरा सिरिंज-प्रयोग सुरू होतो. शिवाय तेल स्वतः जुने होते, त्यात धातूचा चुरा येतो, दांड्याला सरळ धरणारी बुश झिजते. स्प्रिंग मात्र पोलादाची. ती क्वचितच दगा देते. हे सगळे इतके हळू घडते की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. गाडीबरोबर त्याचे शरीरही बदलत्या चालीला सरावते.

आता दादाच्या प्रश्नाकडे. तेल बदलून शॉकअप दुरुस्त होतो का? होतो, पण अटी आहेत आणि त्यातल्या काही मी गॅरेजात बसून शिकलो.

पहिली अट दांड्याची. पांढऱ्या फडक्याने दांडा पुसावा आणि नख फिरवून पाहावे. नख अडखळले तर नवे सील बसवून काही उपयोग नाही, ते दोन-चार महिन्यांत पुन्हा फाटेल. काही ठिकाणी पॉलिश पेपरने दांडा घासून चकचकीत करून देतात. त्याने क्रोम आणखी पातळ होतो आणि दांडा बारीक होऊन सीलमध्ये सैल बसतो. दांड्यावर तेलाचा पुसटसा थर असणे ठीक आहे, तो सीलला वंगण म्हणून लागतोच. ओघळ असू नये.

दुसरी अट तेलाच्या जातीची. एका दुकानात इंजिनाचे उरलेले तेल भरताना मी पाहिले. ते जाड असते. शॉकअप दाबल्यावर वेळेत वर येत नाही, तोवर पुढचा खड्डा येतो, असे होत होत तो दबलेलाच राहतो. हिवाळ्यातल्या सकाळी तर आणखीच. शॉकअपचे तेल पातळ असते आणि तापले तरी त्याची श्यानता फार उतरू नये असे बनवलेले असते.

तिसरी अट तेलाच्या मापाची, आणि ही विज्ञानाच्या तासाला देण्याजोगी आहे. दांडा आत शिरतो तेव्हा तो जागा व्यापतो. १० मिलिमीटर व्यासाचा दांडा ८० मिलिमीटर आत गेला तर त्याचे घनफळ ३.१४ × ०.५ × ०.५ × ८, म्हणजे सव्वासहा घनसेंटिमीटरच्या थोडे वर. द्रव जवळजवळ दबत नाही. तेव्हा तेवढी तरी हवा किंवा वायू नळीत हवाच. 'जास्त भरले तर जास्त दिवस टिकेल' म्हणून गळ्यापर्यंत तेल भरले, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात दांड्याला जायला जागाच उरत नाही आणि नवे सील फुटते. कमी भरले तर हवा दट्ट्यापर्यंत पोचते. म्हणून मोजपात्राशिवाय तेल भरणाऱ्याकडे शॉकअप देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक उपाय सर्रास केला जातो. गाडी मागून बसते म्हणून स्प्रिंगखाली वॉशर टाकणे किंवा जास्त ताठ स्प्रिंग घालणे. त्याने गाडीची उंची वाढते, मालकाचे समाधान होते, पण दुखणे वाढते. अवमंदन पुरेसे आहे की नाही हे एकट्या तेलावर ठरत नाही. तेलाचा विरोध तोच ठेवून स्प्रिंग चौपट ताठ केली तर तुलनेने अवमंदन निम्मे होते. ताठ स्प्रिंगला आवरायला जास्त ताकदीचे तेलकाम लागते, ते तर आधीच गेलेले. शॉकअपवरच्या पाच खाचांच्या कड्याबद्दलही असाच गैरसमज आहे. पान्याने ते फिरवले की स्प्रिंग 'कडक' होते असे म्हणतात. एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा ताठपणा त्याने बदलत नाही. फक्त मागे कुणी बसणार असेल तेव्हा गाडी पुन्हा योग्य उंचीवर येते. तेवढ्यासाठी ते कडे जरूर फिरवावे.

वायूच्या दाबाचा शॉकअप असेल तर तो साध्या दुकानात उघडूच नये. झाकण बंदुकीच्या गोळीसारखे सुटू शकते. आणि कुठलाही असो, दाबलेली स्प्रिंग घरी काढण्याचा प्रयोग कुणी करू नये.

दादाच्या डाव्या दांड्यावर नख तीन ठिकाणी अडले. उजवा स्वच्छ होता, फक्त सील गेले होते. मग एकच नवा टाकावा का? फिटर तयार होता. पण चिमट्याच्या एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असला की प्रत्येक धक्क्याला चिमट्याला पीळ बसतो. शिवाय त्याचा शॉकअप साधा, कारखान्यातच कडा दुमडून बंद केलेला. तो उघडायचा म्हणजे कड कापायची आणि पुन्हा जोडायची. तेव्हा आम्ही नवी जोडी घेतली. दांडा निर्दोष असता आणि शॉकअप आटे फिरवून उघडण्याच्या जातीचा, महागातला असता, तर मी दुरुस्तीच सुचवली असती. नुसता खडखड आवाज असेल तर टोकांच्या रबरी बुश बदलून भागते, त्याला खर्च नगण्य. आणि कशालाही हात लावण्याआधी टायरची हवा आणि चिमट्याची बुश तपासावी. कमी हवेचा टायरही गाडीला मऊ चालवतो.

फिटरची दाबून सोडण्याची चाचणी आपणही करू शकतो. गाडी सरळ उभी धरून सीट जोरात दाबावी आणि सोडावी. ती वर येऊन, फार तर किंचित मागे जाऊन, थांबायला हवी. दोन-तीनदा हेलकावली तर तेल गेले. मात्र ही चाचणी अर्धीच आहे. कोरड्या बुशचे घर्षणही दोलन थांबवते आणि मेलेला शॉकअप जिवंत भासतो. मागे एक माणूस बसवून पुन्हा दाबावे. वस्तुमान वाढले की अवमंदनाची कमतरता अधिक उघडी पडते.

नवे शॉकअप बसवताना फिटरने ते उभे धरून दहा-बारा वेळा दाबून ओढून घेतले. दुकानात आडवे पडून असल्यामुळे आतल्या नळीत हवा शिरलेली असते, ती अशी बाहेर निघते. हे न करता कित्येक जण नवा शॉकअप पोकळ आहे म्हणून परत करतात.

त्याच फिटरकडून आम्ही जुन्या दोन्हींच्या स्प्रिंगा काढून घेतल्या आणि नुसत्या नळ्या शाळेत नेल्या. आठवीच्या मुलांनी दांडे ओढून पाहिले. उजवा ओढताना अजून थोडा अडतो आणि दाबताना सहज जातो. एका मुलीने विचारले, ओढतानाच जास्त जोर का? ते मुद्दाम तसे असते. चाक उंचवट्यावर चढताना फार अडवले तर धक्का थेट वर जाईल. स्प्रिंग उसळताना मात्र तिला घट्ट धरायला हवे. डावा दांडा कुठेच अडत नाही. हलवला की आत खळखळ ऐकू येते.

प्लॅस्टर निघाल्यावर दादाने पहिल्यांदा गाडी चालवली आणि संध्याकाळी फोन केला. म्हणाला, "गाडी कडक झाली रे."